सतरा दगडांची कमान : प्रकल्प नोंदी

४ नोव्हेंबर

मापं ठरली. गाळा (दोन पायांमधलं अंतर) १२०० मिमी, उठाव (पायांपासून माथ्याच्या खालच्या अंगापर्यंतची उंची) ३०० मिमी, कमानीची जाडी १०० मिमी, रुंदी २०० मिमी. चुना नाही, सिमेंट नाही, गोंदाचा थेंबही नाही. सतरा सुटे दगड आणि त्यांचं वजन, एवढ्यावर कमान उभी राहिली पाहिजे.

नोकरीभर आरसीसीची डिझाइनं केली. तिथे ताण सळीने घ्यायचा, दाब काँक्रीटने घ्यायचा, कामाची वाटणी पक्की. दगडी कमानीत ताण घ्यायला कोणीच नसतं. कॉलेजात हा विषय दीड तासात उरकला होता आणि तेव्हापासून जुना पूल दिसला की खाली वाकून बघतो, ‘वा’ म्हणतो आणि पुढे जातो. आता हाताने बांधून बघायची आहे. मोजमापं आणि फोटो भाचीकडे. माझ्या नोंदी मला सोयीच्या निघतात असं तिचं मत आहे.

गणित सोपं निघालं. आतल्या वक्राची त्रिज्या ७५० मिमी. मध्याशी कोन १०६ अंशांहून किंचित जास्त, सतराने भागला की दगडाला सव्वासहा अंश. म्हणजे प्रत्येक दगड खालच्या अंगाला ८२ मिमी आणि वरच्या अंगाला ९३ मिमी. फरक अकरा मिमीचा, आणि सगळा खेळ त्या अकरा मिमीवर.

१२ नोव्हेंबर

दगड आले. वालुकाश्म, एकेक चार किलोच्या आसपास, सगळे मिळून ६८ किलो. मशीनवर कापून घेतले होते, पण पाच दगडांची एक बाजू गुण्यात, म्हणजे काटकोनात, नाही. कापणाऱ्याचं म्हणणं, ‘दीड मिमीने काय होतंय?’ अठरा सांध्यांत दीड-दीड मिमी धरला तर चावीचा, म्हणजे माथ्यावर शेवटी बसणारा, दगड जागेवर बसणारच नाही, हे त्याला सांगून उपयोग नव्हता.

अण्णांना बोलावलं. निवृत्त पाथरवट, डोळ्याला आता कमी दिसतं, पण बोटांना सगळं कळतं. त्यांनी माझा पत्र्याचा फर्मा बाजूला ठेवला आणि गेरू मागितला. एका दगडाच्या तोंडाला गेरूचा पातळ हात, त्यावर दुसरा दगड ठेवून हलकेच घासायचा, उचलायचा. जिथे रंग लागला तिथे उंचवटा. तेवढाच छिन्नीने टिपायचा, झटकायचा, पुन्हा गेरू. पहिल्या वेळी दगडाला एका कोपऱ्यात नाण्याएवढा लाल ठिपका होता. सहाव्या वेळी सगळ्या तोंडावर विखुरलेले ठिपके आले, तेव्हा त्यांनी दगड खाली ठेवला. “साहेब, मधी फट दिसली तरी चालंल. पण दगड डुलला नाही पायजे.”

पाच दगडांना दोन दिवस लागले. प्रत्येकावर पेन्सिलीने नंबर घातला. ९ म्हणजे चावीचा.

२० नोव्हेंबर

सेंटरिंग, म्हणजे कमानीला तात्पुरता आधार देणारा लाकडी साचा, तयार. १२ मिमी प्लायचे तीन अर्धचंद्र, वर आडव्या पट्ट्या, खाली समोरासमोर सरकणाऱ्या लाकडी पाचरींच्या चार जोड्या. पाचर ठोकून सैल केली की सगळं सेंटरिंग सारख्या गतीने खाली यावं, अशी कल्पना.

हे लाकूडकाम दगडाइतकंच महत्त्वाचं आहे, हे करताना लक्षात येतंय. दोन्ही बाजूंचे दगड चढेपर्यंत कमान म्हणजे लाकडावर ठेवलेलं ओझं. खऱ्या पुलाला नदीच्या पात्रात महिनोन् महिने ते लाकूड उभं ठेवायचं, तेही पूर येणार नाही या भरवशावर. जुन्या पुलांचं कौतुक करताना हा जंगलभर लागलेला लाकूडफाटा कोणाच्या डोळ्यांसमोर येत नाही, कारण तो शिल्लक राहत नाही.

२३ नोव्हेंबर

पडली.

सविस्तर लिहितो. दोन्ही टोकांना २० किलोचे दगडी ठोकळे, खाली गुळगुळीत प्लायचा तक्ता. अण्णांच्या सांगण्याप्रमाणे दोन्ही अंगांनी एकेक दगड चढवत गेलो. दोन्हीकडचा सहावा दगड बसला आणि सेंटरिंगचा माथा वर उचलला गेला, दोन मिमी. खांद्यांवर, म्हणजे माथा आणि पाय यांच्या मधल्या भागांवर, भार पडला की माथा वर येतो. फ्रान्सचा पूल-इंजिनियर पेरोने याला पॅरिसजवळच्या नॉयीच्या पुलावर हीच अडचण आली होती. ३९ मीटरचे गाळे आणि लवचीक सेंटरिंग, म्हणून त्याने माथ्यावर दगडांचे ढीग रचून ते दाबून धरलं. मी तीन विटा ठेवल्या. माथा खाली बसला.

चावीचा दगड लाकडी हातोडीने दोन ठोक्यांत बसला. मग पाचरी सैल करायला घेतल्या. सेंटरिंग जेमतेम चार मिमी उतरलं असेल, तोवर डावा ठोकळा तक्त्यावरून सरळ मागे सरकला आणि सगळे दगड सेंटरिंगवर बसले. ते खाली होतं म्हणून पायाची बोटं वाचली.

“मामा, दीड सेकंद लागला. व्हिडिओ आहे.”

२४ नोव्हेंबर

रात्री बसून आकडेमोड केली. आधीच करायला हवी होती. अर्ध्या कमानीचं वजन ३४ किलो, त्याचा गुरुत्वमध्य माथ्यापासून ३४५ मिमीवर, कमान सुटते तिथला मध्य ६४० मिमीवर, मध्यरेषेचा उठाव ३२०. त्यावरून आडवा रेटा ३१ किलो. म्हणजे ६८ किलोची कमान दोन्ही पायांना बाहेर ढकलते ती प्रत्येकी ३१ किलोने, दिवसरात्र. ठोकळा आणि कमानीचा अर्धा भार मिळून ५४ किलो, गुळगुळीत प्लायवर घर्षण त्याच्या चाळीस टक्के धरलं तर २२ किलो. सरकणारच होता.

कमान चपटी केली की हा रेटा आणखी वाढतो. रोमन लोक अर्धवर्तुळ वापरत आणि खांब गाळ्याच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत जाड ठेवत, त्यामुळे प्रत्येक खांब एका बाजूचा रेटा एकट्याने पेलू शके. पेरोनेने खांब गाळ्याच्या नवव्या हिश्शाएवढा बारीक केला. हे जमलं ते शेजारच्या दोन कमानींचे रेटे एकमेकांना तोलतात म्हणून. पण मग सगळ्या कमानी एकदमच उभ्या कराव्या लागतात आणि पुढे कधी एक गेली तर तिच्यामागे बाकीच्याही जातात. नदीला मोकळी वाट मिळाली, पुलाची एकेक कमान स्वतंत्रपणे जगण्याची सोय गेली. मला तो सौदा आवडतो, पण त्या पुलाची देखभाल माझ्याकडे नको.

उपाय : दोन्ही ठोकळ्यांना आरपार १२ मिमीचा आटे पाडलेला रॉड, बाहेरून नट. एक फेरा म्हणजे १.७५ मिमी. पुढे मुद्दाम पाय सरकवून बघायलाही हाच उपयोगी पडेल.

३० नोव्हेंबर

उभी आहे.

पाचरी आळीपाळीने, एकेक ठोका. तिसऱ्या फेरीत दगडांतून बारीक कर्र असा आवाज आला, तोंडं एकमेकांत बसल्याचा. सेंटरिंग आणि दगड यांच्यात कागद सरकला. माथा तीन मिमी खाली. अण्णांनी चावीच्या दगडावर तळहात टेकवून भार दिला, मान हलवली आणि हात झटकून घरी गेले.

संध्याकाळी साखळीचा प्रयोग. सारख्या कड्यांची साखळी तेवढ्याच गाळ्यात आणि उठावात लोंबत सोडली, फोटो काढून उलटा केला आणि कमानीच्या फोटोवर ठेवला. लोंबती साखळी फक्त ताण घेते, तोच आकार उलटा केला की फक्त दाब. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हुकने हे १६७५ मध्ये ओळखलं आणि अक्षरं उलटीपालटी करून कोड्यात छापलं. तो १७०३ मध्ये वारला आणि उकल १७०५ मध्ये बाहेर आली. इतकं लपवण्यासारखं काय होतं, असं भाची विचारते. पुलाचं टेंडर भरणाऱ्याला विचार म्हटलं.

माझी कमान वर्तुळाचा तुकडा आहे, साखळीचा आकार नव्हे. तरी उलटी साखळी १०० मिमी जाडीच्या आतच राहिली. एवढंच पुरतं. रेट्याची रेषा दगडाच्या अंगातून जायला हवी, मग वक्र कोणताही असो. जाडी लागते ती या रेषेला फिरायला जागा म्हणून.

मग ताकदीचा हिशोब काय? पायथ्याशी एकूण दाब ४६ किलो, क्षेत्र १०० बाय २०० मिमी. दर चौरस मिलिमीटरला ०.०२३ न्यूटन. असा दगड ४० न्यूटनपर्यंत सहज जातो. सतराशेपट शिल्लक! हीच कमान चाळीसपट मोठी केली, म्हणजे ४८ मीटरचा गाळा, तर दाबही चाळीसपट होईल, एका न्यूटनच्या अलीकडे. तरीही दगड चिरडायला खूप अवकाश आहे. उभं राहणं फक्त प्रमाणावर ठरत असेल तर लहान प्रतिकृतीवर जे चालतं ते मोठ्यावरही चालणार. बीजगणित न येणाऱ्या गवंड्यांनी पिढ्यान् पिढ्या ‘गाळ्याचा अमुकवा हिस्सा’ अशा ठोकताळ्यांवर पूल बांधले आणि ते उभे राहिले, यात नशिबाचा भाग मला वाटत होता त्याहून बराच कमी असावा.

७ डिसेंबर

ब्रिटिश इंजिनियर बार्लोचा प्रयोग, फक्त एका सांध्यावर. त्याने १८४६ मध्ये सगळ्या सांध्यांत लाकडाच्या चार-चार चिपा घालून दाखवला होता. आठव्या-नवव्या दगडांमध्ये चार चिपा, वरून खाली. वरची एक ठेवून तीन काढल्या : उभी. परत घालून खालची एकच ठेवली : उभी. वजन तेच, दगड तेच, रेट्याने वाट बदलली. तीच कमान, बरोबर उत्तरं अनेक. डिझाइन ऑफिसात एक आकडा दोन दशांश स्थळांपर्यंत लिहून सही करण्याची सवय असलेल्या माणसाला हे पचायला जड जातं.

१४ डिसेंबर

रॉडचा नट सैल करत पाय सरकवले. आतापर्यंतचा सर्वांत चांगला दिवस.

दोन फेऱ्यांनंतर काहीच दिसेना. चौथ्या फेऱ्याला भाची खाली आडवी होऊन टॉर्च मारत होती, ती म्हणाली, “मामा, उजेड पलीकडे दिसतोय.” चावीच्या दगडाच्या डाव्या सांध्यात खालच्या अंगाला फट. चावीचा दगड मात्र उजव्या शेजाऱ्याला घट्ट धरून होता. सहा फेऱ्या, म्हणजे पाय १०.५ मिमी लांब : माथा ८ मिमी खाली, माथ्याची फट फिलर गेजने (फटी मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) २.५ मिमी. दोन्ही पायथ्यांशी फटी उलट्या, बाहेरच्या अंगाला, साधारण सव्वा मिमी.

म्हणजे कमान तीन ठिकाणी बिजागरीसारखी फिरली. बाकीचे चौदा-पंधरा सांधे जसेच्या तसे. वीस फेऱ्यांपर्यंत गेलो. पाय ३५ मिमी लांब, माथा २७ मिमी खाली, फटीत पेन्सिल जाईल, आणि कमान उभी. रॉडला टिचकी मारली तर रेटाही जवळपास तेवढाच असल्यासारखा आवाज.

काँक्रीटमध्ये एवढी भेग दिसली असती तर मी खालची माणसं हलवली असती. इथे भेग म्हणजे कमानीने पायांची नवी जागा मान्य केल्याची खूण. ब्रिटिश इंजिनियर जॅक हेमन यांनी १९६६ मध्ये हे नीट सिद्धान्तात बसवलं : दगड ताण घेत नाही, दाबाने चिरडत नाही, एकमेकांवरून घसरत नाही, एवढं मानलं की प्रश्न भूमितीचा उरतो. तीन बिजागऱ्यांवर कमान निवांत उभी राहते. चौथी झाली की संपलं.

नट परत आवळत आणले. फटी मिटल्या, पण पूर्ण नाही. माथा दोन मिमी खालीच राहिला. चावीच्या डाव्या सांध्यात वाळूचे कण पडून अडकले होते. खऱ्या पुलात दर ऋतूला पाय थोडे हलतात, फटीत कचरा पडतो आणि फट पहिल्या जागी मिटत नाही. असं वर्षानुवर्षं.

२८ डिसेंबर

एकाच बाजूला भार. डाव्या बाजूने पाव गाळ्यावर पाच-पाच किलोच्या वाळूच्या पिशव्या. खाली जुनी गादी.

कागदावर चार बिजागऱ्या धरून ९० किलो निघाले होते. ६५ला उजव्या खांद्याचा वरचा सांधा उघडला, ७०ला भाराखालचा सांधा खालून उघडला, ७५ किलोंना पंधरावी पिशवी ठेवून हात काढला आणि भाराखालचा भाग खाली, पलीकडचा खांदा वर, अशी डुलत कमान गादीवर आली. पंधरा किलोंचा फरक का? पडलेले दगड बघितल्यावर कळलं. कडा बोथट झाल्या आहेत. गणितात बिजागरी अगदी कडेवर असते, प्रत्यक्षात ती तीन-चार मिमी आत. दगड क्र. १३चा कोपरा उडाला.

एकीकडे भार जास्त झाला की हलका भाग वर जातो हे विल्यम एडवर्ड्‌सने वेल्समधल्या पॉन्टिप्रिथला महागात शिकून घेतलं. पहिला पूल पुराने नेला. पुढचा एका गाळ्याचा पूल बांधत आणला, तर खांद्यांवरच्या भरावाचं वजन इतकं झालं की हलका माथा वर फेकला गेला. शेवटी त्याने दोन्ही खांद्यांना तीन-तीन आरपार गोल भोकं ठेवून वजन कमी केलं. १७५६, गाळा सुमारे ४३ मीटर, अजून उभा. चीनमधल्या आनजी पुलावर ली चूनने ६०५च्या सुमारास खांद्यांत चार छोट्या कमानी उघड्या सोडल्या होत्याच. भार कमी आणि पुराच्या पाण्यालाही वाट. गाळा ३७ मीटर.

४ जानेवारी

दोन्ही बाजूंना ॲक्रिलिकचे तक्ते लावून आत वाळूचा भराव, माथ्यावर ३० मिमी. सुमारे ५८ किलो. तोच पाव गाळा, तोच भार. १५० किलोला पिशव्या संपल्या, सांधा एकही उघडला नाही. भराव भार पसरवतो आणि वर जाऊ पाहणाऱ्या खांद्याला दाबून धरतो. रस्ता सपाट करायला टाकलेला मुरूम म्हणून मी त्याच्याकडे बघत होतो.

११ जानेवारी

भरावात पाणी सोडलं, निचरा बंद. बारा लिटर मुरलं. कमानीला काही झालं नाही, पण बाजूचा ॲक्रिलिकचा तक्ता मधोमध ९ मिमी बाहेर फुगला आणि कोपऱ्यातून गळू लागला. जुन्या पुलांच्या बाजूच्या भिंती पोट काढून उभ्या असतात ते यामुळेच. निचऱ्याची भोकं मोकळी ठेवणं हे कमी पगाराच्या माणसाचं, न दिसणारं काम आहे, म्हणून पहिल्यांदा तेच बंद पडतं.

अण्णांचा राग दर्जांवर, म्हणजे सांध्यांच्या तोंडाशी भरलेल्या मसाल्यावर, आहे. जुन्या चुन्याच्या दर्जा खरवडून वर सिमेंट भरायचं. दिसायला झकास. चुना मऊ असतो, दगड हलला तर तोही थोडा हलतो, आणि आतली ओल त्यातून बाहेर निघते. सिमेंट कडक. ओल दर्जेतून निघत नाही, मग दगडाच्या तोंडातून निघते आणि तोंडाचे पापुद्रे सुटतात. दगडाला दगड जोडणाऱ्या लोखंडी क्लॅम्पचंही तसंच : गंजला की फुगतो आणि ज्याला धरायचं तोच दगड फोडतो. बोस्नियातल्या मोस्तारच्या १५६६च्या पुलात क्लॅम्पभोवती शिसं ओतलेलं होतं. तो पूल गेला तो १९९३ मध्ये तोफगोळ्यांनी, आणि २००४ मध्ये परत बांधताना क्लॅम्प-शिशाची तीच पद्धत वापरली.

१८ जानेवारी

शेवटची चाचणी. भराव काढला, रॉड काढला, ठोकळे ८० किलोंचे केले. उजवा ठोकळा वाळूच्या ट्रेवर, आणि त्याच्या आतल्या, खऱ्या पुलात नदी असते त्या, कडेने पाण्याची धार.

बारा मिनिटं वर काहीही नाही. सांधे मिटलेले, माथा जागेवर. भाची कंटाळून बसली. ट्रेच्या काचेतून मात्र ठोकळ्याखाली वाळू चमच्याने कोरावी तशी निघत होती. तेराव्या मिनिटाला ठोकळा पुढच्या कडेवर सात-आठ मिमी खचला, वळला आणि कमान गेली. फटीने आधी काहीच सांगितलं नाही. ज्या सांध्यांवर मी दोन महिने फिलर गेज फिरवला, त्यांच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं.

दगडी पुलांचा मोठा वैरी हाच. इंग्लंडमधल्या टॅडकास्टरचा दगडी पूल डिसेंबर २०१५च्या पुरात अर्धवट कोसळला. आणि पायाला वाचवायला जावं तरी पंचाईत. १२०९ मध्ये पुऱ्या झालेल्या लंडनच्या जुन्या पुलाने खांबांभोवती लाकडी कुंपण घालून दगड भरले, त्याने गाळे अरुंद झाले, पाणी जोरात धावू लागलं आणि तळ आणखी खोल खरवडला गेला. मग आणखी दगड टाकायचे. असं करत सहाशे वर्षं काढली. सहाशे वर्षं हातात दगड घेऊन कोणीतरी तिथे होतं, हे त्या पुलाच्या टिकाऊपणाचं खरं डिझाइन म्हणायचं.

२५ जानेवारी

पुन्हा बांधली. रॉड परत, ठोकळे पक्क्या जमिनीवर. सांध्यांत या वेळी चुना, अण्णांनी कालवलेला. क्र. १३ उलटा फिरवून उडालेला कोपरा मागे घेतला.

पाय चार फेरे लांब केले. चावीच्या डाव्या सांध्यात केसाएवढी रेघ आली, तिथेच. तिच्यावर काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना चिकटवली. रेघ हलली की काच तडकेल. भाचीने पट्टीवर मार्करने तारीख लिहिली आणि त्याच्या शेजारी माथ्याच्या वरच्या अंगाची उंची : ३९२ मिमी. पुढचं माप पावसाळ्याआधी.